स्वच्छ रक्त

साल दोन हजार सतरा. माझा मुलगा आणि धाकट्या जावेचा मुलगा, दोघेही सुईच्या नशेपायी एकाच व्यसनमुक्ती केंद्रात जात होते. तिथल्या सिस्टरने दोघांचं रक्त तपासलं. जावेच्या मुलाला हेपटायटिस सी निघाला, म्हणजे रक्तातून होणारी कावीळ. माझा निगेटिव्ह.

"आमच्याचं रक्त अगदी स्वच्छ आहे हो!" मी तिथल्या बाकावरच जावेला ऐकवलं.

"तुमचं काय ताई, सगळं नेहमी चांगलंच असतं," ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

काविळीच्या गोळ्या केंद्रातच मिळायच्या, नशा सोडवण्याच्या औषधाच्याच खिडकीवर. बारा आठवडे रोज सिस्टरसमोर गिळायच्या. एक दिवस चुकला की तिचा फोन यायचा, "कुठे उलथलास रे?" तो धावत जायचा, दोन्ही औषधं तिथेच घेऊन यायचा. माझा म्हणाला, "आई, मला काय धाड भरलीय? रिपोर्ट बघ की!" आणि त्याने जायचंच सोडलं. मीही म्हटलं, बरोबरच आहे.

सिस्टर आता निवृत्त झाली. जावेचा मुलगा त्याच खिडकीत बसून औषधं देतो. जाऊ आजी झाली. नातीला घेऊन मला भेटायला येते, कधी एक टोमणा मारत नाही. माझा मुलगा दोन हजार सतराच्याच अखेरीस गेला, सुईनेच.



जावेच्या घराचा, दागिन्यांचा, लांब केसांचा मी जन्मभर हेवा केला. आता तिच्या मुलाच्या त्या काविळीचा करते.