पदकांची कड

कानस पहिल्यांदा पदकाच्या कडेवर फिरली, तेव्हा असा काही आवाज झाला की तो पार रस्त्यावर ऐकू जाईल असं स्टेलाबाईंना वाटलं. त्यांनी उठून दाराला आतून कडी घातली.

खाटेवर नोहा साळवे टक्क जागे होते. अर्धांगवायूने गेल्या वर्षी नवऱ्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोळे तेवढे शाबूत होते, आणि ते बायकोच्या हातावरून हलायला तयार नव्हते.

"असं बगू नका माज्याकडं," स्टेलाबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच चाललंय समदं."

झालं होतं ते असं. त्यांचा मुलगा यशया नगरला शिक्षक. रविवारी चर्चमध्ये बाबांचा सत्कार करायचा, एकाहत्तरच्या लढाईतली तिन्ही पदकं छातीवर लावून त्यांना खुर्चीवरून न्यायचं, असं त्याने डोक्यात घेतलं होतं. पण पदकं पडली होती गळक्या पत्र्याखाली, ट्रंकेत. गंजून हिरवीकाळी झाली होती. मग त्याने जुन्या वस्तू साफ करणारी पूजा नावाची मुलगी शोधून काढली. सकाळी तिचाच फोन आला होता.

"आजी, चिंच लावू नका, राख लावू नका. हातच लावू नका. प्रत्येक पदकाच्या कडेला ज्याचं त्याचं नाव कोरलेलं असतं. ते जपून मोकळं करायचंय. दुपारी येतोच आम्ही."

ज्याचं त्याचं नाव! स्टेलाबाईंनी फोन ठेवला तो सरळ ट्रंक उघडली.

नोहा पलटणीत होते, यात काही खोट नव्हती. पण होते लंगरात, स्वयंपाकी. लग्नाला थोडी वर्षं झाली असतील तेव्हा, तिसगावच्या बाजारात नोहा कोटावर पदकं लावून उभे असताना गावातल्याच दुसऱ्या माजी सैनिकाने, आप्पासाहेबांनी, चारचौघांत पिंक टाकली होती. ते स्वतः बंदूक धरलेले, त्यामुळे त्यांचा शब्द मोठा. "मेडल गोळी झेलनाऱ्याला मिळतंय. भाकऱ्या थापनाऱ्याला कोन देतंय? घेतली आसतील जुन्या बाजारातून."

लोक खो खो हसले. घरी आल्यावर स्टेलाबाईंनी विचारलं, "खरं हाय का व्हय त्यांचं?"

नोहांनी बायकोकडे नुसतं पाहिलं. कोटावरची पदकं काढली, ट्रंकेत टाकली. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आळ खोटा असता तर माणूस उसळला नसता का? स्टेलाबाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं, मनातल्या मनात नवऱ्याला माफही करून टाकलं. पोरापुढे मात्र कधी अवाक्षर काढलं नाही. आणि आता त्याच पोरासमोर, भरल्या चर्चमध्ये, बापाच्या छातीवर भलत्याचं नाव निघणार होतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. वाचून दाखव म्हणणार तरी कुणाला? विचारलं की गावभर. त्यापेक्षा विळ्याला धार लावायची कानस बरी.

पहिल्याची कड गुळगुळीत झाली. दुसरं हातात घेतलं तसा नोहांचा डावा हात खाटेवर आपटू लागला. घशातून आवाज निघाला, "न्न... न्न..."

स्टेलाबाई धावल्या. "व्हय व्हय, आटपते. कुनाला कळनार न्हाई. मी हाय ना!"

नोहांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. स्टेलाबाईंनी ते पदराने टिपलं, मग आपलंही टिपलं. एवढी वर्षं कोंडून ठेवलेलं आज मोकळं झालं बिचाऱ्याचं, असं त्यांना वाटलं. फार माया आली. त्या पुन्हा कामाला लागल्या, जास्तच जोराने.

तिसरं पदक सगळ्यात सडकं होतं. कडेवर नुसता खपला. त्याला कानस लावणार एवढ्यात दाराशी गाडी थांबली. त्यांनी कानस गादीखाली सारली, भिजवलेली चिंच तिन्ही पदकांवर थापली आणि कडी काढली.

यशयापाठोपाठ पूजा आत आली. चिंच बघून तिचा चेहरा उतरला. "आजी, सांगितलं होतं ना मी?"

"आमच्यात तांब्या-पितळंला चिंचच लावत्यात पोरी. ऱ्हावलं न्हाई."

पूजाने पहिलं पदक पुसलं, भिंगाखाली धरलं. मग दुसरं. दोन्हींच्या कडांवरून नख फिरवलं.

"सर," ती यशयाला म्हणाली, "हे चिंचेनं झालेलं नाही. नावं कानशीनं घासून काढलीत. दुसऱ्याची पदकं मिरवायची असली की लोक असं करतात."

यशया खाटेकडे वळला. "बाबा?"

नोहांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते स्टेलाबाईंकडे बघत होते.

स्टेलाबाईंना भुईने पोटात घ्यावं असं झालं. झाकायला गेल्या, तेच त्यांनी उघडं पाडलं होतं. पूजाने तिसरं पदक उचललं आणि बांबूच्या बारीक काडीने कडेवरचा खपला उकरू लागली. प्रभू, एवढं तरी गंजून गेलेलं असू दे, स्टेलाबाई पुटपुटल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"याची कड शाबूत आहे," पूजा म्हणाली. "आधी नंबर आहे. मग हुद्दा. थांबा हं... कूक."

तिने फुंकर मारली आणि भिंग आणखी जवळ नेलं.

"आणि पुढे नाव. नोहा साळवे."