अर्धा पोपट

"चित्रातला पोपट अर्धाच दिसतो," अशी सहा वर्षांच्या इराची तक्रार महिनाभर चालू होती. शाळेतून आली की ती कॉम्प्युटरवर चित्रं रंगवायची, तेवढ्यात मी धाकट्याला निजवून घ्यायची. कॉम्प्युटर मधूनमधून अडकायचाही, म्हणून आम्ही सगळा दोष त्यालाच दिला. "ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडलाय, मेमरीही कमी पडतेय," हे म्हणाले. मुंबईहून येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर भावजींनी ड्रायव्हरची सीडी आणि मेमरीची पट्टी पाठवली. त्या घ्यायला हे रिक्षाने वीर स्टेशनला जाऊन आले. मग यांनी सीपीयू उघडला, जुन्या पट्टीचे सोनेरी दात इराच्या खोडरबराने घासले, शेजारी नवी बसवली आणि ड्रायव्हर टाकला. पोपट क्षणात पडद्यावर उमटला, चोचीपासून शेपटीपर्यंत. "महाडात असा मेकॅनिक शोधून सापडायचा नाही!" म्हणत यांनी कॉलर ताठ केली. इरा खुर्चीवर चढली. "बाबा, चोच कुठाय?" "अगं, समोरच तर आहे, डोळ्यांपुढे." तिने मान खांद्यापर्यंत वळवली, तेव्हा कुठे चोच सापडली. "हां, आली!" यांचं हसू तिथेच थांबलं. मी तिची खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "इरे, मी दिसते ना गं तुला, सगळी?" तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मान वळवून पुन्हा बघितलं. "तू पण अर्धीच दिसतेस," ती खुदकन हसली. "बाबा, आईला पण नवा ड्रायव्हर टाका ना!"