शाबासकी

“मास्तर, पृथ्वी गोल आहे असं शिकवता ना पोरांना? मग हे काय वळलंय?”

सासूबाईंनी ओट्यावरच्या बेगलकडे बोट दाखवलं. मास्तरांनी मैद्याच्या गोळ्याची वळी करून तिची टोकं जोडली होती. पण कडं जोडाच्या जागी सुजलं होतं आणि समोरच्या बाजूला पार वाळून गेल्यासारखं बारीक राहिलं होतं.

“उकळल्यावर फुगतं, आई. मग होतं बरोबर.”

“वाकडं ते वाकडंच. पाण्यात बुडवून सरळ होत असतं, तर लग्नाआधीच तुम्हाला हौदात घातलं असतं.”

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी बेगल करायचे. मैदा तिंबायचा, फुगू द्यायचा, त्याची कडी वळायची, सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यातून ती काढायची आणि मग ओव्हनमध्ये भाजायची. दुकानात आयता मिळणारा पाव घरी करण्यात त्यांना कोण आनंद होता. तोच सासूबाईंना बघवत नव्हता. त्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य शेफ होत्या. हाताखालची माणसं पाठीमागे त्यांना तोफ म्हणायची. चमच्याच्या टोकाला नुसती जीभ लावून त्या सांगायच्या, मीठ कोणी घातलंय आणि घालताना त्याचं लक्ष कुठं होतं. गेल्या वर्षी त्यांनी अचानक नोकरी सोडली. “गाढवांच्या कळपात किती काळ काढायचा?” एवढंच कारण सांगितलं आणि लेकीकडे राहायला आल्या. इथे कळप म्हणजे एकटे मास्तर.

“गोंजारताय काय त्याला? आजारी आहे का तो?”

मास्तरांनी पुढचा गोळा जोरात दाबला.

“आता मारामारी नको. आणि पाणी बघा. खळखळतंय कुठं? आंघोळीला काढल्यासारखं कोमट दिसतंय.”

मास्तरांनी गॅस मोठा केला. पाणी एकदम उसळलं. सोड्याचा चमचा सापडेना. सासूबाईंचे डोळे पाठीला टोचत होते. मास्तरांनी सोड्याचा डबाच पातेल्यावर वाकडा केला, भसकन पडला तेवढा पडू दिला आणि कडी पाण्यात सोडली.

ओव्हन तापला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरभर दरवळ पसरला. मास्तरांना राहवलं नाही. “वास काय सुटलाय, आई!”

“हौशी माणसं वासावर भाळतात,” सासूबाईंनी नाक मुरडलं. “रंग बघा, रंग.”

ट्रे बाहेर आला आणि मास्तर पाहतच राहिले. एरवी त्यांचे बेगल फिकट, मरगळलेले निघायचे. हे तांबूस, चकचकीत होते. सासूबाई खुर्चीतून उठल्या. एक बेगल उचलून त्यांनी नखानं वाजवला, कानाशी नेऊन मोडला, आत जाळी पडलीय का पाहिलं. मग तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

“छान झालाय,” त्या म्हणाल्या. “खरंच. चव जमली आज.”

मास्तरांना आपण ऐकतोय त्यावर विश्वास बसेना. लग्न झाल्यापासून या बाईंनी त्यांच्या चहालासुद्धा बरं म्हटलं नव्हतं. मास्तरांनी घाईनं एक बेगल तोडून मोठा घास घेतला.

तोंडात साबण घोळवल्यासारखं झालं. जीभ आकसली, घशाला खरखर सुटली. त्यांनी घास रुमालात काढला आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे दुसरा तुकडा चावत होत्या.

मास्तरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. पहिल्यांदा, खोटं कशाला बोला, त्यांना बरंच वाटलं. इतक्या वर्षांचे टोमणे गोळा होऊन जिभेवर आले. एक वाक्य पुरलं असतं. तोफ कायमची थंड!

तेवढ्यात बायको आत आली. “झाले का? आईनं आज किती वाभाडे काढले?”

“घे, घे,” सासूबाईंनी ट्रे तिच्यापुढे सरकवला. “आज तुझ्या नवऱ्यानं नाव काढलं बघ.”

बायकोनं हात पुढे केला. मास्तरांनी ट्रे मागे ओढला.

“नको खाऊस. सोडा भलताच पडलाय माझ्या हातून. आईंनी पहिल्या घासालाच ओळखलं. मगापासून चेष्टा चाललीय माझी.”

“तरीच!” बायको हसत सुटली. “आईच्या तोंडून शाबासकी आली तेव्हाच मला कळायला हवं होतं.” हसतहसतच ती बाहेर गेली.

सासूबाईंचं चावणं थांबलं होतं. हातातल्या तुकड्याकडे त्या बघत राहिल्या. मास्तर त्यांच्याकडे पाठ करून एकेक बेगल कचऱ्याच्या डब्यात टाकू लागले. आता एखादा टोमणा येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. आला असता तर हायसंच वाटलं असतं.

“मास्तर,” मागून अगदी हलका आवाज आला. “सोडा जास्त झाला की कसं लागतं हो? नीट सांगा. मला आठवेनासं झालंय.”