तळावरच्या सह्या

रोबोट क्लबची रीतच होती: शेवटच्या वर्षाच्या मुलांनी शाळा सोडताना रोबोटच्या तळावर सही करायची. आज सगळ्यांच्या सह्या झाल्या, एमेटची तेवढी राहिली. मार्कर हातात आला तसा त्याने तो पुढच्याला देऊन टाकला.

मारितच्या मनात पाल चुकचुकली. कॅप्टनपद तिला मिळालं होतं, त्याला नाही. गेला आठवडाभर सगळे घरी गेले की तो तिने केलेलं वायरिंग उघडून बसायचा आणि तिची चाहूल लागली की घाईघाईने झाकण लावायचा. उद्या तर मिनियापोलिसला रोबोट स्पर्धेची राज्य पातळीवरची अंतिम फेरी होती.

बाकीची मुलं पिझ्झा खायला बाहेर पडली, तेव्हा तिने त्याला दारातच अडवलं.

"सही का नाही केलीस? उद्या हा रोबोट बंद पडणार आणि त्यावर तुझं नाव नको, असंच ना?"

"काय डोकं चालतं गं तुझं!" एमेट हसला, पण ते हसू टिकलं नाही. "सही जाणाऱ्यांनी करायची असते. मी इंग्रजीत नापास झालोय. अजून एक वर्ष इथेच आहे."

तरी मारितची शंका पुरती गेली नव्हती.

"मग माझ्या वायरिंगशी काय खेळत होतास?"

त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून दाराजवळच्या टेबलावर ठेवला.

"शिकत होतो. पुढच्या वर्षी हा बिघडला, तर विचारायला तू कुठे असणारेस?"