वळणावरचा आरसा

शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून दादा थांबला. पंक्चरच्या दुकानाकडे वळून म्हणाला, "ठकू, जरा रस्त्याकडे लक्ष देतेस?"

ठकूने ट्यूब पाण्यात तशीच दाबून धरली. "माणसं कुठं गेली तुझी?"

"दुसरीकडे लावलीत. नवा नियम आलाय ना! लहान कामाला रस्ता अडवायचा नाही म्हणे. गाडीवर दिवा लावायचा नि एकानं नजर ठेवायची. तो एकही आज आलेला नाही."

नियम काही आपोआप आला नव्हता. वळणावरचा तो गोल आरसा पुसायचा, म्हणजे काम ते केवढं! पण त्यासाठी दर आठवड्याला दादा सकाळीच रस्ता बंद करायचा, लाल-पांढरे शंकू नेमके तिच्या दारासमोर मांडायचा आणि गाड्या मागच्या गल्लीतून सोडायचा. वडिलांनी दुकान धाकट्या लेकीच्या नावावर केलं, ते त्याच्या पचनी पडलं नव्हतं. "नियम म्हणजे नियम," म्हणत शंकूंच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचा. गिऱ्हाईक फिरकेना, दुकानाला टाळं लागायची वेळ आली, तेव्हा ठकूने रस्तेखात्यातल्या त्याच्या वरच्या ऑफिसात खेटे घालून, चपला झिजवून तो आणवला होता.

तिने हात पुसले आणि दारात येऊन उभी राहिली. "चढ."

दादा चढला. आरशाला साबण फासला, तोच ती ओरडली, "ट्रक! उतर!" तो धडपडत खाली आला. ट्रक शिडीला घासूनच गेला म्हणायचा. मागे एका ट्रकने इथला खांबच आडवा केला होता.

"वाचवलंस गं," दादा म्हणाला. खरंच घाबरला होता.

तो पुन्हा चढला. "स्कूटर! उतर!" मग सायकल आली. मग एक म्हातारा हातगाडी ढकलत आला, तो वळणापलीकडे जाईपर्यंत दादा खांबाला टेकून उभा. मध्येच हवा भरायला गिऱ्हाईक आलं. "मी कामात आहे, खालीच थांब," असं तिने दादाला बजावलं. तोवर उन्हाने आरशावरचा साबण वाळून गेला. दादाने नव्याने फासला.

"गाडी! उतर!"

उतरून बघतो तर काय, एक कुत्रं रमतगमत रस्ता ओलांडत होतं.

"कुत्रं आहे ते, ठकू!"

"रस्त्यावर आहे ना? नियम म्हणजे नियम."

दादाच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. ठकूला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटत होतं.

तो पुन्हा चढला, पण या वेळी फडकं हातातच धरून राहिला. मागे न बघता म्हणाला, "दुकान तुझं. माझा काही हक्क नाही. पुन्हा नाव काढणार नाही त्याचं. आता तरी झालं ना समाधान?"

हेच ऐकण्यासाठी ती इतके दिवस कुढत होती. दादाने फडकं फिरवलं. साबण निघाला, आरसा लख्ख झाला. त्यात अख्खा रस्ता दिसत होता, पार टोकापर्यंत रिकामा, आणि दारात हाताची घडी घालून उभी असलेली धाकटी बहीण.

"गाडी आली," ठकू म्हणाली. आता ओरडलीसुद्धा नाही.

दादाने आरशात नीट बघितलं. मग एक एक पायरी चाचपत खाली उतरू लागला.