डब्यातला मायक्रोमीटर

कारखान्याला कायमचं टाळं लागलं त्या दिवशी लेथवर काम करणाऱ्या टर्नरकाकांनी तिथला जाडी मोजायचा मायक्रोमीटर जेवणाच्या डब्यातून गुपचूप घरी आणला. गल्लीत प्रत्येकानेच काही ना काही आणलं होतं. म्हणून आठ वर्षांनी वही घेतलेली एक मुलगी "घरात कुणी लेथवर काम केलंय का?" असं दारोदार विचारत फिरू लागली, तेव्हा काकांनी आधी तो डबा माळ्यावर लपवला. चोरीची चौकशी लागली म्हणायची! त्यांनी गल्लीभर निरोप धाडला, "कुणी तोंड उघडायचं नाही."

"लेथ? छे, आम्ही जन्माचे भाजीवाले," असं साळसूदपणे सांगून काकांनी दार लोटलं आणि आतून कान लावला.

मुलगी फोनवर बोलत होती...


"साहेब, ते पाचही नवे कारखाने दुसऱ्या गावी न्या. इथे लेथला हात लावलेला एकही माणूस उरलेला नाही."