डावखुरा हवा होता

पहिली खेप.

कोरी डेलाक्रॉय बेसबॉलची बॅट घेऊन प्लेटपाशी, फलंदाजाच्या जागी, उभा राहिला आणि जाळीबाहेर, घडीच्या खुर्चीत, मार्लिसबाईंनी पाठ सरळ केली. आयोवाहून दोन दिवस गाडी हाकत आल्यापासून ती सरळ होत नव्हती. आज व्हायलाच हवी होती. सरावाच्या छावणीतून कुणाकुणाला घरी पाठवायचं, ते आज ठरायचं होतं, आणि कोरी सव्वीस वर्षांचा, म्हणजे ह्या पोरांत थोराडच, होता.

गावच्या संघातल्या पोरांना गावातल्याच घरांनी ठेवून घ्यायची तिकडची रीत. चार उन्हाळे कोरी मार्लिसबाईंच्या तळघरातल्या खोलीत राहिला होता. आज ठेवला, तर पाचवाही राहणार.

मुख्य स्टेडियमच्या मागचं हे सरावाचं मैदान. धावफलक नाही, तिकीट नाही, कुणाच्या पाठीवर नाव नाही. पण आज प्लेटमागे डझनभर माणसं दाटीवाटीनं उभी होती. कुणाकडे चेंडूचा वेग मोजायचं यंत्र, कुणाकडे टॅब्लेट.

"एवढी माणसं!" मार्लिसबाई म्हणाल्या. "काल इथं कुत्रंसुद्धा नव्हतं."

शेजारी ऑर्व्हिल बसले होते. निवृत्त पोस्टमन, दर मार्चला ह्याच जागी. त्यांनी सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकलं. "हं," म्हणाले.

तीन चेंडू हुकले. कोरी बाजूला झाला.

दुसरी खेप.

मधे एक जण खेळून गेला आणि कोचनं पुन्हा कोरीलाच बोलावलं.

"बघा!" मार्लिसबाईंनी ऑर्व्हिलना कोपरानं ढोसलं. "परत त्यालाच. नीट पारखून घ्यायचं असेल त्यांना."

"बाई, तुम्ही आधी टोपी घाला. नाकाचा टोमॅटो झालाय."

"माझं नाक राहू द्या. त्याचं बघा."

एक चेंडू बॅटला चाटून मागे गेला. बाकीचे हुकले. मागच्या माणसांनी माना खाली घालून काहीतरी नोंदवलं. वाईट तेवढंच लिहितात मेले, असं मार्लिसबाईंना वाटलं.

तिसरी खेप.

हुकली. हिच्याबद्दल काही बोलण्यासारखं नाही.

चौथी खेप.

आधी आवाज आला. मग कोरीची बॅट खांद्यामागे गेलेली दिसली, आणि मग चेंडू. मैदानाच्या टोकाची जाळी त्यानं बरीच खाली सोडली होती. पलीकडे उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये तो कुठंतरी टणकन आदळला.

मार्लिसबाई उभ्या राहून ओरडल्या. घसा फुटेपर्यंत ओरडल्या. अख्ख्या मैदानावर तेवढा एकच आवाज.

प्लेटमागची माणसं चेंडूकडे बघत नव्हती. ती पिचरकडे, चेंडू टाकणाऱ्याकडे, बघत होती. मधोमध उभा असलेला धिप्पाड, दाढीवाला पिचर हात झटकत होता.

"कोपर कसंय?" कोच ओरडला.

"झकास!"

तेव्हा कुठं सगळ्यांचे चेहरे सैल झाले. एकानं टाळीसुद्धा वाजवली.

मार्लिसबाई खाली बसल्या.

"मघापासून सांगू की नको करत होतो," ऑर्व्हिल म्हणाले. "ते सगळे त्या दाढीवाल्यासाठी आलेत. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं कोपराचं. आज पहिल्यांदाच कुणी फलंदाज समोर उभा करून टाकतोय. टीव्हीवर दाढी नसायची, म्हणून ओळखलं नसेल तुम्ही."

"मी त्याच्याकडे बघितलंच नाही."

कोरी जाळीपाशी आला. घामानं निथळत होता.

"मिस मार्लिस, कुठं पडला?"

"गाड्यांत. त्या पांढऱ्या ट्रकच्याही पलीकडे."

"खरंच? मला बघताच आलं नाही. कोच म्हणाला, चल, बाजूला हो."

"मग आता तरी ठेवतील ना तुला?"

त्यानं बाटली तोंडाला लावली.

"सकाळीच सांगितलं. नाश्त्याच्याही आधी. सामान बांधून गाडीत टाकलंय मी."

मार्लिसबाईंनी जाळीत बोटं अडकवली. तार तापलेली होती. "मग हे काय चाललंय?"

"त्याच्यासमोर उभा राहायला डावखुरा हवा होता. संघातला दुसरा पोट धरून झोपलाय. म्हणाले, तासभर थांबशील का."

"आणि थांबलास! सांगायचं नाही, तुमचं तुम्ही निस्तरा म्हणून?"

"मिस मार्लिस," कोरी हसला, "असा पिचर माझ्या वाट्याला एरवी कधी आला असता?"

ऑर्व्हिल पिशवीत बिया शोधत होते. पिशवी रिकामी होती. तरी शोधत राहिले.

"खोली दुसऱ्या कुणाला द्या आता," कोरी म्हणाला.

"बघू. तसाही तो जिना मला उतरवत नाही हल्ली."

"मी गेल्या वर्षीच म्हणत होतो, कठडा बसवून घ्या."

"म्हणत होतास. बसवलास का?"

तोच मागून हाक आली. "ए डावखुऱ्या! शेवटचे पाच चेंडू!"

कोरीनं बाटली जाळीच्या बुडाशी ठेवली.

छावणीत एका जागेवरून दुसऱ्या जागी कुणी चालत जायचं नसतं. धावतच जायचं. चालताना दिसला की कोच सगळ्यांदेखत झापतो. कोरीला आता कुणी काही म्हणणार नव्हतं.

तो धावत गेला.